नागरी आपत्तिसहनक्षमता व सामाजिक विषमता

अतिवृष्टी, पूर, उष्णतेची लाट, दरड कोसळणे, साथीचे रोग यांसारख्या संकटांचा आघात सोसून आपले मूलभूत व्यवहार चालू ठेवण्याच्या, त्यातून लवकर सावरण्याच्या आणि पुढील संकटास अधिक सज्ज होण्याच्या शहराच्या क्षमतेस नागरी आपत्तिसहनक्षमता असे म्हणतात. ही क्षमता शहराच्या सर्व भागांत व सर्व थरांत सारखी नसते. घर कोठे व कशाचे आहे, जमिनीवर कायदेशीर हक्क आहे किंवा नाही, उत्पन्न नियमित आहे की रोजंदारीचे, पाणी व मलनिःसारण यांची सोय कशी आहे यांवर ती अवलंबून असते. म्हणून तिचा विचार सामाजिक विषमतेपासून अलग करता येत नाही. प्रस्तुत नोंदीत या संबंधाचे विवेचन मुख्यत्वे मुंबई शहराच्या अनुषंगाने केले आहे.

संकल्पना : सहनक्षमता ही संज्ञा परिस्थितिविज्ञानात रूढ झाली ती कॅनेडियन शास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांच्या १९७३ मधील निबंधामुळे. एखादी निसर्गव्यवस्था किती बदल पचवून आपले मूळ संबंध टिकवून धरू शकते, हे मोजण्यासाठी त्यांनी ती वापरली. पुढे ती आपत्तिव्यवस्थापन व नगररचना या क्षेत्रांत आली. तथापि अरण्य आणि शहर यांत एक महत्त्वाचा भेद आहे. वणव्यानंतर अरण्य पूर्वस्थितीस आले, तर ते सावरले असे म्हणता येते. परंतु पुरानंतर नाल्याकाठचे कुटुंब पुन्हा त्याच नाल्याकाठी, त्याच पत्र्याच्या खोलीत राहू लागले, तर त्यास सावरणे म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. पूर्वस्थितीच जेथे धोक्याची, तेथे पूर्ववत होणे हे उद्दिष्ट पुरेसे ठरत नाही.

नैसर्गिक घटना आणि आपत्ती यांतही फरक करावा लागतो. पर्जन्यवृष्टी ही घटना होय. तिच्यामुळे होणारी हानी ही समाजरचनेवरही अवलंबून असते. पिअर्स ब्लेकी, टेरी कॅनन, इअन डेव्हिस व बेन विस्नर यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘ॲट रिस्क’ या ग्रंथात हा विचार पद्धतशीरपणे मांडला. त्यानुसार हानीचा विचार स्थूलमानाने तीन अंगांनी करता येतो : (१) संकटाशी सान्निध्य, म्हणजे वस्ती सखल भागात, उतारावर वा नदीपात्रालगत असणे; (२) आघातप्रवणता, म्हणजे कच्चे घर, कुपोषण, वार्धक्य, आजारपण इत्यादींमुळे तोच आघात अधिक लागणे; आणि (३) सावरण्याची कुवत, म्हणजे बचत, विमा, पगारी रजा, नातलगांचा आधार व शासकीय मदत मिळविण्यासाठी लागणारी कागदपत्रे. गरिबी या तिन्ही अंगांवर एकाच वेळी परिणाम करते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

नागरी वाढ : संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातील ५५ टक्के लोक शहरांत राहत होते आणि २०५० पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल, असे त्यात म्हटले आहे. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार नागरी लोकसंख्या सु. ३७.७ कोटी (३१.२ टक्के) होती आणि सु. ६.५ कोटी लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. बृहन्मुंबईच्या १ कोटी २४ लक्ष लोकसंख्येपैकी सु. ४२ टक्के लोकांची नोंद झोपडपट्टीत झाली. शहर वाढते तेव्हा प्रथम उंचावरची, कोरडी व वाहतुकीस सोयीची जमीन व्यापली जाते. तिच्या किंमती चढतात. मागाहून येणाऱ्या व अल्प उत्पन्न असलेल्या लोकांच्या वाट्यास ओढ्यांचे काठ, खाजण, डोंगरउतार, रूळांलगतच्या पट्ट्या आणि कचराभूमीच्या कडा, म्हणजे बाजारात किंमत नसलेली जमीन येते. तिला किंमत नसते ती बहुधा ती धोक्याची असल्यामुळेच.

मुंबईची जडणघडण : आजची मुंबई सात बेटे व त्यांमधील खाड्या भराव घालून जोडल्यामुळे तयार झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या हॉर्नबी व्हेलार्डने महालक्ष्मी–वरळी दरम्यानच्या खिंडारातून आत शिरणारे समुद्राचे पाणी अडविले. भरावाची जमीन सखल राहिली व तिच्यावरील पाण्याचा निचरा ओहोटीवर अवलंबून राहिला. कापडगिरण्यांच्या वाढीबरोबर कामगारवस्ती दाटली. १८९६ मध्ये ग्रंथिक सन्निपाताची (प्लेगची) साथ आली, तेव्हा कोंदट चाळी व तुंबलेली गटारे यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर–माटुंगा भागात नियोजित वसाहती उभारल्या. पण दाट वस्त्या पाडताना बेघर झालेल्या सर्वांची सोय त्याला करता आली नाही. त्यांतील बरेच लोक शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागले व गर्दी एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकली. आरोग्यासाठी केलेली सुधारणा गरिबांच्या निवाऱ्याचा हिशेब न धरता झाली, तर काय होते, याचे हे शहरातील प्रारंभीचे उदाहरण होय.

स्वातंत्र्योत्तर काळात चाळींची भर थांबली व झोपडपट्ट्या वाढल्या. महाराष्ट्र झोपडपट्टी क्षेत्र (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियम १९७१ साली झाला. पदपथवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथावरून हटविण्यास प्रतिबंध केला नाही. पुढे संरक्षणासाठी १ जानेवारी १९९५ व नंतर १ जानेवारी २००० या तारखा ठरविण्यात आल्या. अशा तारखांचा पर्यावरणीय परिणाम सहसा ध्यानात घेतला जात नाही. आपले घर केव्हाही पाडले जाईल, अशी भीती असलेला मनुष्य जोते उंच करीत नाही, पक्की भिंत बांधीत नाही आणि गल्लीतील गटारावर पैसा खर्च करीत नाही. जमिनीवरील हक्काची अनिश्चितता अशा रीतीने पुराच्या हानीत भर घालते.

पूर व जलनिःसारण : दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी. पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत सु. वीस किमी. दक्षिणेस असलेल्या कुलाबा वेधशाळेत ७५ मिमी.पेक्षाही कमी पाऊस पडला. दुपारच्या मुसळधार पावसाशी मोठ्या भरतीची गाठ पडली व पाणी समुद्रात जाण्याऐवजी गटारांतून उलट फिरले. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची यंत्रणा ताशी २५ मिमी. पाऊस व ओहोटीची वेळ गृहीत धरून आखलेली होती. ती ताशी ५० मिमी. पावसास पुरेशी करण्याची शिफारस १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने केली होती. परंतु बारा वर्षांत तिची अंमलबजावणी फारशी झाली नव्हती. मुंबईत चारशेहून अधिक आणि राज्यात एक हजाराहून अधिक लोक मृत्यू पावले.

या पुराचे केंद्र मिठी नदी होते. विहार तलावाच्या सांडव्यातून निघून व पवईचे पाणी घेऊन ती सु. १८ किमी. वाहते आणि माहीमच्या खाडीस मिळते. तिच्या काठी झोपड्या, भंगाराची गोदामे, तबेले व लहान कारखाने वसलेले असल्यामुळे नदी अरुंद झाल्याचा दोष प्रथम झोपडीवासीयांना देण्यात आला. त्यात तथ्य होते; पण ते अपुरे होते. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीचा प्रवाह वळविण्यात आला होता आणि तिच्या मुखाजवळच्या, पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या दलदलीच्या जागी भराव घालून वांद्रे–कुर्ला व्यापारी संकुल उभारण्यात आले होते. नकाशे मंजूर करून, रीतसर परवान्याने झालेले हे अतिक्रमण होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ साली दिलेल्या अहवालात निचऱ्याच्या यंत्रणेतील व नदीपात्रातील या दोषांची चर्चा केली. धोका निर्माण करणारे आणि धोका सोसणारे हे बहुधा भिन्न असतात, ही बाब मिठीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पूर ओसरल्यावर हानीची असमानता अधिक दिसते. पक्क्या इमारतीत तळमजल्याची व वाहनांची हानी झाली, तरी वरचे मजले शाबूत राहिले. विमा व नोकरी कायम राहिली. तळमजल्याच्या एकखणी खोलीत मात्र धान्य, अंथरूण, शिवणयंत्र, मुलांची पुस्तके आणि शिधापत्रिका ही सर्व एकाच पाण्यात गेली. कागदपत्रे भिजली म्हणजे मदत मिळविण्याचा व पुढे पुनर्वसनाचा दावाही क्षीण होतो. पाण्यातून चालावे लागल्यामुळे लेप्टोस्पायरोसिसचा उद्रेक झाला. संकटानंतर दुसऱ्याच दिवशी कामावर निघणाऱ्या मुंबईकरांच्या धीराचे नेहमी कौतुक होते. त्या धीरात परस्परसाहाय्याचा खरा अंश आहे. परंतु रोजंदारीवरील मनुष्य कामावर जातो तो बहुधा घरी बसणे परवडत नाही म्हणून. अपरिहार्यतेला सहनक्षमता समजणे ही या विषयातील नेहमीची चूक होय.

दरडी व भिंती : डोंगरउतारांवरील वस्त्यांत दरवर्षीच्या पावसाळ्यात दरडी कोसळतात. घाटकोपर येथे जुलै २००० मध्ये साठांहून अधिक, साकीनाका येथे २६ जुलै २००५ रोजी अनेक, तर चेंबूर व विक्रोळी येथे १८ जुलै २०२१ रोजी पंचवीसहून अधिक लोक अशा दुर्घटनांत दगावले. मालाड (पूर्व) येथे २ जुलै २०१९ रोजी जलाशयाच्या आवाराची भिंत कोसळली व सु. तीस जण मरण पावले. पावसाळ्यापूर्वी अशा वस्त्यांना स्थलांतराच्या सूचना दिल्या जातात. परंतु परवडणारी पर्यायी जागा नसल्यास सूचना मिळूनही लोक तेथेच राहतात. माहितीच्या अभावापेक्षा पर्यायाचा अभाव येथे अधिक घातक ठरतो.

उष्णता : पूर दिसतो, उष्णता दिसत नाही, म्हणून तिच्याकडे उशिरा लक्ष गेले. काँक्रीट, डांबर व पत्रा दिवसा ऊन शोषून घेतात व रात्री सोडतात. झाडे, मोकळ्या जागा व वारा यांचा अभाव असलेल्या दाट वस्त्यांत पत्र्याच्या छपराखाली रात्रीही उकाडा कमी होत नाही. अहमदाबाद शहरात मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील तो पहिला मानला जातो. पूर्वसूचना, रुग्णालयांची सज्जता, पाणपोया व छपरांना पांढरा चुना देणे असे त्यातील साधे उपाय आहेत. मुंबईने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला.

पाणी, आरोग्य व दाटी : तानसा, वैतरणा, भातसा इ. दूरच्या जलाशयांतून मुंबईस पाणी येते. ते शहरात पोहोचल्यावर त्याची वाटणी मात्र समान होत नाही. नियोजनात इमारतींतील रहिवाशांसाठी दरडोई दररोज १३५ लिटर, तर झोपडपट्टीसाठी ४५ लिटर असे भिन्न मान दीर्घकाळ धरले गेले. अनधिकृत वस्तीतील लोकांनाही पाणी मिळण्याचा हक्क आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. नळ नसलेल्या वस्तीत पाणी विकत घ्यावे लागते, ते साठवून ठेवावे लागते आणि साठ्यात डासांची पैदास होते. पाणी भरण्याचे काम मुख्यतः स्त्रिया व मुली यांच्यावर पडत असल्यामुळे शाळा व रोजगार यांवरही त्याचा परिणाम होतो.

दाटीचा परिणाम कोविड–१९ च्या साथीत संख्येने दिसून आला. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन प्रभागांत केलेल्या रक्तद्रव पाहणीत झोपडपट्टीतील सु. ५७ टक्के, तर इतरत्र सु. १६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. घरात अंतर राखता येणे व स्वतःचे शौचगृह असणे हेच तेथे संरक्षण होते. त्याच वर्षी धारावीत घरोघर तपासणी, शाळांत विलगीकरणाची सोय आणि स्थानिक खाजगी डॉक्टरांचे साहाय्य यांच्या बळावर साथ आटोक्यात आणण्यात आली. दाट वस्तीतही लोकांचा विश्वास व सार्वजनिक यंत्रणेची तत्परता यांचा मेळ बसल्यास संकटाला तोंड देता येते, हे त्यावरून दिसते.

पुनर्वसन : धोक्याच्या जागेवरील लोकांना सुरक्षित ठिकाणी हलविणे हा सरळ उपाय वाटतो. प्रत्यक्षात नवी जागा कोठे व कशी आहे, यावर त्याचे यश अवलंबून असते. मुंबईतील रस्ते, रेल्वे, जलवाहिन्या व नाले यांच्यालगतच्या अनेक कुटुंबांचे पुनर्वसन एम–पूर्व प्रभागात व त्याच्या आसपास झाले. १९२७ पासून कचराभूमी असलेले देवनार याच प्रभागात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला. २००९ च्या मुंबई मानवी विकास अहवालात हा प्रभाग सर्वांत खाली होता. तेथील काही पुनर्वसन वसाहतींच्या २०१८ मधील पाहणीत, इमारती एकमेकींस खेटून असल्यामुळे सूर्यप्रकाश व हवा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोगाचे प्रमाण अधिक आढळले. तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतच्या माहुल येथील वसाहतीत प्रदूषणामुळे राहण्यास लोकांनी विरोध केला व तो वाद उच्च न्यायालयात गेला. पुराचा धोका टळून त्याजागी हवेचा वा रोगाचा धोका आला, तर ते धोक्याचे निवारण नसून स्थलांतर होय.

अन्य शहरांतील अनुभव : पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठचे वाडे व वस्त्या उद्ध्वस्त केल्या. पूरग्रस्तांसाठी शासनाने नव्या वसाहती उभारल्या. त्या शहराचा कायम भाग झाल्या, कारण त्या कामधंद्याच्या जागांपासून फार दूर नव्हत्या. याच शहरात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास आलेल्या पुरात, ओढ्याचे पात्र आवळले गेल्यामुळे, काठच्या गरीब वस्त्यांबरोबर गृहसंस्थांनाही फटका बसला. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुराने पळ्ळिकरणै दलदलीवरील बांधकामांचा प्रश्न पुढे आणला. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक लोक दगावले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी दाखविल्याप्रमाणे त्यांत एकाकी, वृद्ध व गरीब यांचे प्रमाण मोठे होते. न्यू ऑर्लीन्स शहर ऑगस्ट २००५ मधील कॅटरिना वादळापूर्वी रिकामे करण्याची योजना खाजगी मोटारी गृहीत धरून होती. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, ते मागे राहिले. धनाढ्य देशही विषमतेच्या या परिणामापासून मुक्त नाहीत.

उपाययोजना : मुंबईत २००५ नंतर मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरणाची स्थापना, नदीचे रुंदीकरण व खोलीकरण, हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह इ. ठिकाणी उदंचन केंद्रे आणि स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे ही कामे झाली. खारफुटीच्या तोडीस उच्च न्यायालयाने २००५ मध्ये मनाई केली. २०१२ मध्ये राज्यात खारफुटी कक्ष स्थापन झाला आणि ठाणे खाडीस २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. खारफुटी लाटांचा जोर कमी करते, गाळ धरून ठेवते व मासळीस आसरा देते. म्हणून तिचे रक्षण हे शहराचे व कोळी समाजाच्या उपजीविकेचेही रक्षण ठरते.

स्थानिकांच्या ज्ञानाचा उपयोग हा दुसरा महत्त्वाचा भाग होय. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात वरळीच्या मच्छीमारांनी क्लीव्हलँड बंदराजवळच्या खांबांमधील ६० मी. अंतर नौकांच्या जा-ये साठी अपुरे असल्याचे निदर्शनास आणले व दीर्घ आंदोलनानंतर ते १२० मी. करण्याचे मान्य झाले. कराचीत अख्तर हमीद खान यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या ओरंगी प्रकल्पात रहिवाशांनी गल्लीगल्लीतील मलवाहिन्या स्वतःच्या खर्चाने बांधल्या. मोठे नाले ही शासनाची जबाबदारी राहिली. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ पासून घरोघर कचरा गोळा करण्याचे काम घेतले. त्यामुळे वेचकांना ओळख व स्थिर उत्पन्न मिळाले आणि कचराभूमीवरील भारही हलका झाला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना व प्रभाग समित्यांना घटनात्मक स्थान दिले. तथापि निधी व निर्णयाधिकार यांच्या अभावी अशा समित्या बहुतेक शहरांत दुर्बल राहिल्या आहेत.

मूल्यमापन : सहनक्षमतेचे मोजमाप बहुधा शहराच्या सरासरीवर केले जाते. किती किमी. नाले साफ झाले, किती पंप बसले, किती तासांत लोहमार्ग सुरू झाले, यांवरून शहर सावरले असे मानतात. या मापनात एखाद्या कुटुंबाचे पुरानंतरचे कर्ज, शाळा सोडलेली मुलगी किंवा गमावलेली शिधापत्रिका यांची नोंद होत नाही. म्हणून शहराची क्षमता त्याच्या सर्वांत दुर्बल वस्तीवरून जोखावी, असे मत या विषयाच्या अभ्यासकांत बळावले आहे. भिंती, पंप व पूर्वसूचना आवश्यक आहेतच; पण राहत्या जागेची शाश्वती, परवडणारी घरे, समान पाणीपुरवठा व आजारपणात आधार हीसुद्धा आपत्तिनिवारणाचीच साधने होत. सखल भागात साचलेले पाणी उपसून टाकता येते. परंतु सखल भागातच कोणी राहावे हे ठरविणारी समाजव्यवस्था तशीच राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तेच लोक पुन्हा पाण्यात उभे असतात.